स्वल्पविरामासकट

कॉपी होल्डर हे पद आता कुठल्या छापखान्यात शिल्लक असेल असं वाटत नाही. मुद्रितशोधकाशेजारी स्टूल टाकून बसायचं. आपल्या हातात लेखकाचं हस्तलिखित, त्याच्यापुढे शाईनं अजून ओलसर असलेलं गॅली प्रूफ. आपण मोठ्यानं वाचायचं, त्यानं ऐकता ऐकता प्रुफावरून पेन्सिल फिरवायची आणि चुकलेलं दिसलं की समासात खूण करायची. वाचायचं म्हणजे कागदावर आहे ते सगळं वाचायचं. 'तो उठला स्वल्पविराम खिडकीपाशी गेला स्वल्पविराम पण बाहेर कोणी नव्हतं पूर्णविराम नवा परिच्छेद.' अवतरण उघडलं की 'दुहेरी सुरू', मिटलं की 'दुहेरी बंद'. ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळतंच असं नाही, म्हणून अडेल तिथं 'पहिली वेलांटी', 'दुसरा उकार' असं सांगायचं. दिवसभर असं वाचून घरी गेलं की जेवायला काय आहे हे विचारतानाही मी मध्ये थांबायची. धाकटा भाऊ त्यावरून माझी नक्कल करायचा.

१९७६ साली मी गिरगावातल्या एका छापखान्यात या कामाला लागले, ते माझा आवाज मोठा होता म्हणून. पलीकडच्या खोलीत ट्रेडल छपाईयंत्र धडधडत असायचं, खाली गल्लीत हातगाड्या. त्यावर चढेल असा आवाज हवा होता आणि उच्चार स्वच्छ हवे होते. लालबागच्या आमच्या खोलीत सगळ्यांचेच आवाज मोठे. बाबा गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर होते. तिथं शेजारच्या माणसाशी बोलायचं तर हातवारे करायचे, नाहीतर कानाशी तोंड नेऊन ओरडायचं. तीच सवय घरी यायची. आमच्या घरातलं साधं बोलणंही बाहेरच्याला भांडण वाटे. उच्चारांचं श्रेय मात्र म्युनिसिपालिटीच्या शाळेतल्या बाईंचं. घरात मालवणी, गॅलरीत घाटावरच्यांची बोली आणि शाळेत पुस्तकी मराठी, अशा तिन्ही भाषा मला वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता येत होत्या. पुढं सगळं आयुष्य या कप्प्यांवरच निभावलं.

मध्यंतरी दादरच्या एका कार्यक्रमात कॉलेजच्या मुलांनी मला विचारलं, 'मुद्रितशोधनाचं हे क्षेत्र तुम्ही कसं निवडलंत?' मुलं मनापासून विचारत होती. त्यांच्यापुढे खरोखरच दहा वाटा असतात आणि चुकीची धरली तर काय, याची धास्तीही असते. मी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर असं की निवड केली ती आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका बाइंडरनं. तो त्या छापखान्याचं बाइंडिंग करायचा. त्यानं मालकाला सांगितलं, 'आमच्याकडे एक पोरगी आहे, पेपर खणखणीत वाचते.' बाबांना मी टायपिंग शिकावं असं वाटत होतं. दादरला टायपिंगचा क्लास, मग जी.सी.सी.ची परीक्षा, मग सरकारी नोकरी, असा सरळ हिशेब होता. पण क्लासची फी भरायची आणि परीक्षा होईपर्यंत थांबायचं होतं. छापखाना महिन्याच्या एक तारखेला पगार देणार होता. गिरणीत बाबांच्या जागी लागण्याचा हक्क थोरल्या भावाचा, त्यावर चर्चाच नव्हती. रिळिंग-वाइंडिंगमध्ये पूर्वी बायका पुष्कळ असत, माझ्या वेळेपर्यंत त्याही कमी कमी होत चालल्या होत्या. तेव्हा एकच दार उघडं होतं, त्यातून मी आत गेले. मागाहून लोक त्याला दूरदृष्टी म्हणायला लागले, कारण मधल्या काळात गिरण्या बंद पडल्या. पण खिळ्यांचे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून छापणारे, छापखानेही बंदच पडले की! तेव्हा माझ्या शहाणपणाचा मुद्दा निकालात काढलेला बरा.

करी रोडचा पूल ओलांडून लोअर परळला जायचं आणि चर्नी रोडची गाडी धरायची. उतरून ठाकुरद्वाराच्या बाजूला चालत गेलं की गिरगावातल्या वाड्या सुरू होत. त्या काळी तिथल्या कितीतरी वाड्यांत तळमजल्यावर एखादा छापखाना असायचा. खटाववाडीत मौजचा छापखाना, पलीकडे ठिकठिकाणी प्रकाशकांची आणि पुस्तकविक्रेत्यांची दुकानं. आमचा छापखाना नाव घ्यावा असा नव्हता. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, पतपेढ्यांचे अहवाल आणि त्यांच्या जोडीला दोन-तीन प्रकाशकांची पुस्तकं. श्रावण लागला की दिवाळी अंक. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी कंपॉझिटरच्या कपाळी गणपतीतली जागरणं लिहून ठेवली, असं आमचे फोरमन म्हणायचे. आरतीच्या वेळी सगळं गिरगाव झांजा वाजवत असताना आम्ही कथा-कवितांच्या गॅल्या वाचत असायचो.

फोरमनना सगळे मामा म्हणत. त्यांच्या डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे जुळवायची पट्टी, उजवा हात केसवर. केस म्हणजे खण पाडलेली लाकडी पेटी. मराठीचे खिळे म्हणजे शेकडो खण. आमच्याकडे डिग्री टाइप होता. त्यात अक्षर वेगळं, डोक्यावरची मात्रा, रफार, अनुस्वार वेगळे, पायाखालचे उकार वेगळे. एक ओळ जुळवायची म्हणजे तीन मजल्यांची चाळ बांधायची आणि तीही उलटी, कारण खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं असतं. मामा मजकुराकडे बघत, केसकडे कधीच नाही. हात आपोआप खणात जाई आणि बोटाला खाच लागली की खिळा सरळ बसे. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या चौदा नियमांना १९६२ साली सरकारची मान्यता मिळाली, १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. त्या नियमांनी उच्चारात नसलेले जुने अनुस्वार घालवले. 'नाहीं'चं 'नाही' झालं, 'कांहीं'चं 'काही'. नियम कागदावर बदलले, मामांच्या हाताला ते मान्य नव्हते. 'नाही' आलं की त्यांचा हात अनुस्वाराच्या खणाकडे निघे, वाटेत थबके आणि रिकामा परत येई. मी त्यांना हे करताना रोज बघायची. कधी थबकायचं राहिलं की प्रुफात तो अनुस्वार यायचा आणि आमचे मुद्रितशोधक तो काढायचे. दोघांत त्यावर एक शब्दही होत नसे.

मुद्रितशोधकांना सगळे मास्तर म्हणत. ते कुठल्या शाळेत मास्तर नव्हते आणि शिकवण्याची त्यांना मुळीच हौस नव्हती. माझं काम वाचायचं. खूण कसली केली, का केली, हे बघण्याचे मला पैसे मिळत नव्हते. जेवणाच्या सुट्टीत ते हात धुवायला गेले की मी प्रूफ उचलून बघायची. काही खुणा कळायच्या, काही नाही. एकदा धीर करून विचारलं, 'इथं तुम्ही खूण केली नाहीत. "कवि" पहिल्या वेलांटीचा आलाय, नियमात दीर्घ आहे.' त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, 'जुन्या पुस्तकातला उतारा आहे तो. त्यानं जसं लिहिलं तसं राहणार.' एवढंच. दुसऱ्या दिवशी वाचता वाचता ते स्वतःहून थांबले आणि विचारलं, 'इथं काय करशील?' तिथून पुढं रोज एखादा प्रश्न यायचा. माझ्या आयुष्यात निवड म्हणावी अशी गोष्ट शोधायचीच झाली तर ती सुट्टीत डबा बाजूला ठेवून दुसऱ्याच्या कामात डोकावण्याची. नोकरी कुठली मिळते ते आपल्या हातात फारसं नसतं. नेमून दिलेल्या कामाच्या कडेला काय चाललंय तिकडं बघायचं की नाही, एवढं होतं.

बाबासुद्धा असेच शिकले होते. कोकणातून आल्यावर गाववाल्याच्या मागाशेजारी नुसते उभे राहायचे. मग बदलीत नाव लागलं. सकाळी गेटवर जायचं, कोणी खाडा केला असेल तर पाळी मिळणार, नाहीतर घरी. धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यायचा, तुटलेला ताणा गाठ कळणार नाही असा सांधायचा, हे कुणी वर्ग घेऊन शिकवलं नाही. शेकडो मागांच्या गदारोळात आपल्या मागाचा आवाज बदललेला त्यांना कळायचा. त्यांना 'अकुशल' म्हणणारे लोक मी पुढं अहवालांमध्ये पुष्कळ वाचले आणि तो शब्द बिनचूक छापून आला आहे ना, हेही तपासलं. मी घरी आणलेलं एखादं प्रूफ ते हातात घेऊन न्याहाळायचे. 'ह्यां सगळां तू वाचतंस?' असं विचारायचे. कौतुक होतं, पण थोडी शंकाही होती. नुसतं वाचण्याचे पैसे मिळतात हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मामा मात्र शिकण्याची गोष्ट निघाली की जावजी दादाजींवर यायचे. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासणारा मुलगा, १८६४ साली स्वतःची टाइप फाउंड्री काढतो, १८६९ साली निर्णयसागर छापखाना. काशीपासूनचे पंडित ज्या अक्षरातल्या पोथ्या प्रमाण मानत, ते अक्षर आपल्या कोलभाट लेनमधलं! गोष्ट खरी आहे आणि ऐकावी तितकी थोडी. पण आमच्या मालकांनाही ती तोंडपाठ होती. पगारवाढीचा विषय काढला की ते जावजींचं बालपण सांगायचे. तेव्हापासून थोर पुरुषांच्या कष्टांच्या गोष्टी कोण, कुणाला आणि कुठल्या वेळी सांगतो, तिकडं माझं लक्ष असतं. शिवाय निर्णयसागरच्या त्या देखण्या अक्षरांमागे राणोजी रावजी आरू यांचा हात होता. त्यांचं नाव मला पुढं पुस्तकांत सापडलं, मालकांच्या गोष्टीत ते कधी नसे.

मास्तरांकडून मी जे शिकले त्यातलं चूक दुरुस्त करणं सोपं होतं. नियम पाठ झाले की झालं. अवघड होतं ते हात आवरणं. आमच्याकडे काम यायचं तो काळ मोठा चमत्कारिक होता. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं, १९८० मध्ये लक्ष्मण मान्यांचं 'उपरा'. दोन्ही ग्रंथालीची पुस्तकं, आमच्या छापखान्यातली नव्हेत. पण ती आल्यावर आमच्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांची भाषाही पालटली. जे लोक आधी आपलं बोलणं घरी ठेवून पुस्तकी मराठीत लिहायचे, ते घरातलं बोलणं घेऊनच यायला लागले. मी मोठ्यानं वाचायला लागले की माझी जीभ अडखळायची. शाळेच्या कप्प्यातून वाचू की गॅलरीच्या? 'व्हतं' दिसलं की 'होतं' वाचलं जायचं. मास्तर लगेच थांबवायचे. 'काय आहे ते वाच. तुझ्या मनातलं नको.'

नियमावलीतही यासाठी एक फट ठेवलेली आहे. पात्राच्या तोंडी 'असं केलं', 'मी म्हटलं' अशी अनुस्वाराची रूपं चालतील, एरवी 'असे केले', 'मी म्हटले' असं एकारान्त लिहावं. पण आत्मकथनात लेखक स्वतःच पात्र असतो. मग त्याच्या निवेदनाचं काय करायचं? (हा लेखही मी त्या फटीतूनच लिहिते आहे.) मास्तरांनी यावर काढलेला तोडगा मी अजून वापरते. लेखक एखादा शब्द पानोपानी तसाच लिहीत असेल तर ती त्याची भाषा, हात लावायचा नाही. एकदाच वेगळा लिहिला असेल तर समासात प्रश्नचिन्ह करून त्याला विचारायचं. आपण होऊन ठरवायचं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार होते. आमच्या घरातले दोन: बाबा आणि बदलीतला थोरला भाऊ. बदलीवाल्यांना कायम करा, ही मागणीही त्यात असल्यानं भाऊ बाबांपेक्षा जास्त पेटलेला. आईची खानावळ होती. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा लालबाग-परळच्या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. त्या कर्जातून आईनं मोठी पातेली घेतली होती. संप लांबला तसे जेवायला येणारे गडी एकेक करून गावाला गेले. पातेली माळ्यावर गेली आणि आई मसाला कुटायच्या डंकावर कामाला जायला लागली. घरात नियमित पगार फक्त माझा उरला.

छापखान्यात त्या दिवसांत पत्रकांचा पूर आला होता. युनियनची, पक्षांची, वस्तीतल्या समित्यांची. मालक कुणालाच नाही म्हणत नसत, फक्त पैसे आधी घेत. एका दुपारी माझ्या टेबलावर दोन मजकूर शेजारी शेजारी आले. एकात लिहिलं होतं की कोणीही कामावर जाऊ नका. दुसरा कामावर परत या असं सांगणारा होता आणि त्यात हजर होण्याचा वार आणि तारीख होती. वार आणि तारीख जुळत नव्हते. भिंतीवर कालनिर्णय लटकत होतं, बघायला क्षणही लागला नाही.

असं सोडलं असतं तर कुणाला कळलं नसतं. मूळ हस्तलिखितात जसं होतं तसंच खिळ्यांत उतरलं होतं, म्हणजे नियमानं आमची जबाबदारी संपली होती. मास्तर पेन्सिल हातात घेऊन माझ्याकडे बघत होते. माझे बाबा आणि भाऊ संपावर आहेत हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, 'वार जुळत नाही, विचारायला हवं.' त्यांनी समासात प्रश्नचिन्ह केलं. माणूस पाठवून विचारून घेतलं, तारीख दुरुस्त झाली, पत्रक गेलं.

रात्री घरी सांगितल्यावर भाऊ भडकला. 'गप बसायला काय झालं होतं?' माझ्याकडे त्याला देण्याजोगं उत्तर नव्हतं. चुकलेल्या तारखेवर संप जिंकता येत नाही, असं आज म्हणता येईल, तेव्हा सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी उपाशी माणसाला ते ऐकवण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच जाणत होते की त्या टेबलावर बसून एकाचा मजकूर नीट बघायचा आणि दुसऱ्याचा नाही, असं सुरू केलं की मग उद्या कुणाचाच मजकूर माझ्या हातात सुरक्षित नाही. बाबा ऐकत बसले होते. भावाचा आवाज खाली आल्यावर त्यांनी फक्त विचारलं, 'पैसे रोख दिल्यानी काय?'

संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. १९८३ साली तेरा गिरण्यांचा कारभार सरकारनं ताब्यात घेतला, बाबांची गिरणी त्यांत नव्हती. ते कणकवलीकडे गावी गेले आणि तिथंच राहिले. भावानं कुरिअर, मग वॉचमन, मग पुन्हा कुरिअर असं केलं. सत्यकथा मासिकही संपाच्याच वर्षी, १९८२ मध्ये, बंद झालं. गिरणगावाच्या एवढ्या मोठ्या पडझडीपुढे ती बातमी लहान, पण आमच्या गिरगावच्या छापखान्यात त्यावरही मास्तर आणि मामा दिवसभर बोलत होते. बाबांची नोकरी गेली तेव्हा मी सत्यकथेची चर्चा मन लावून ऐकत होते याचं मला तेव्हा वावगं वाटलं नाही. आताही वाटत नाही. दोन्ही माझीच जगं होती.

पुढचं भराभर झालं. खिळे जाऊन ब्रोमाइड आलं. मजकूर गुळगुळीत कागदावर यायचा, तो कापून पानावर चिकटवायचा. चूक निघाली तर तेवढा शब्द ब्लेडनं कापून नवा बसवायचा. हे जेमतेम रुळतंय तोवर कॉम्प्युटर आला. आमच्या मालकांनी केस आणि खिळे किलोवर विकले. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा तो मिश्र धातू, भाव बरा मिळाला. मामांनी कॉम्प्युटर शिकायला साफ नकार दिला. त्यात हट्ट होता असं लोक म्हणत. मला ते पटत नाही. बोटांनी खिळा ओळखणाऱ्या माणसाला सगळी बटणं सारखीच लागत होती, तो त्यात काय ओळखणार?

मी दादरला स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये पेजमेकर आणि श्रीलिपी शिकले. सोबत कॉलेजची मुलं आणि टायपिंग केलेल्या बायका. त्यांना टाइपरायटरचा कीबोर्ड येत असल्यानं श्रीलिपीत तोच लेआउट घेऊन त्या धडाधड टाइप करायला लागल्या. बाबांचा तो टायपिंगचा हिशेब वीस वर्षांनी असा खरा ठरला. मला ऑपरेटर म्हणून बसायला सांगितलं, पैसे जास्त होते. मी मुद्रितशोधनच करत राहिले. इथं लोक पुन्हा म्हणतात, बघा, तत्त्वाला धरून राहिल्या. तसं काही नाही. नवरा बेस्टमध्ये कंडक्टर होता, दोघांच्या पगारात भागत होतं. आवडीचं काम धरून ठेवणं परवडावं लागतं. मला परवडलं, मामांच्या मुलीला परवडलं नाही. माझ्याहून चांगली नजर असलेली ती मुलगी आज एका दवाखान्यात बिलं करते. मुलांना 'आवडेल ते करा' असं सांगणाऱ्या वक्त्यांच्या घरी दुसरा पगार कुणाचा येतो, हे एकदा विचारायला हवं.

चुकांची जातही बदलली. खिळ्यांच्या दिवसांत शेजारच्या खणातला खिळा यायचा, उलटा लागायचा, झिजलेली मात्रा उठायची नाही. डोळ्याला ते खुपायचं. आता अक्षर नेहमीच देखणं असतं, त्यामुळे चूकही देखणी दिसते. श्रीलिपीतला जुना मजकूर युनिकोडमध्ये आणला की 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होऊन बसतं. एकच परिच्छेद दोनदा चिकटवलेला असतो आणि दोन्ही वेळा तो बिनचूक असतो! स्क्रीनवर माझं लक्ष टिकत नाही, मी प्रिंट काढून घेते. वाचून दाखवायला कोणी नसतं, तेव्हा मीच ओठांत पुटपुटते. नातू म्हणतो, आजी जप करते.

सध्या हातात एका निवृत्त गिरणी कामगाराच्या आठवणींचं पुस्तक आहे. हेही मालवणीच, बाबांच्याच पिढीतले, पण दुसऱ्या गिरणीतले. प्रकाशकाकडचा संपादक तरुण आहे, हुशार आहे, भाषेवर प्रेम करणारा आहे. त्यानं फाइल पाठवताना बरोबर एक यादी पाठवली. तीत पहिलंच: 'पूर्वार्धात "आवस", उत्तरार्धात "आई". एकरूप करावे. "आई" ठेवावे.' त्याचं म्हणणं तर्काला धरून आहे. पुस्तकात एका माणसाची आई दोन नावांनी यायला लागली तर वाचक गोंधळेल.

मी पानं उलटून पाहिली. 'आवस' नेमानं येतं आणि एका ठिकाणी थांबतं, तिथून पुढं नेमानं 'आई'. मध्ये सरमिसळ नाही. चूक अशी शिस्तीनं होत नाही. म्हणून समासात प्रश्नचिन्ह केलं आणि लेखकांना फोन लावला. कानाला कमी ऐकू येतं त्यांना, मागांवर काम केलेल्या पुष्कळांना येतं. लालबागचा माझा आवाज उपयोगी पडला. त्यांनी सांगितलं, 'गावाक होती तवसर ती आवस. संपाच्या आधी ती आमच्यासोबत मुंबईक इली. हय चाळीत पोरां आईच म्हणत, मगे मीय आईच म्हणूक लागलंय.' त्यांनी हे ठरवून लिहिलं नव्हतं. लिहिता लिहिता हातून तसं झालं होतं.

संपादकाला हे कळवल्यावर तो एकदम खूश झाला. इतका की आता त्याला या जागी तळटीप घालायची आहे, वाचकाला हा बदल समजावून सांगणारी. मी नको म्हणते आहे. ज्याला दिसेल त्याला दिसेल, ज्याला नाही दिसणार त्याचंही काही अडत नाही. तो म्हणतो, मुंबईबाहेरच्या वाचकाचं काय? त्याच्या बोलण्यातही तथ्य आहे. लेखकांना विचारलं तर ते म्हणाले, टीप घाला नाहीतर नको, फक्त पुस्तकाच्या पन्नास प्रती गावच्या देवळातल्या सप्त्याआधी मिळाल्या पाहिजेत. सप्ता कार्तिकात आहे, बाइंडिंगला पंधरा दिवस धरले तर येत्या आठवड्यात फाइल सोडायला लागेल. तोवर मी आणि संपादक भांडून घेतो.